आडनावापासून पूर्वजांपर्यंत : इंग्रजी अमदानीतील नोंदींच्या आधारे घराण्याचा माग कसा काढावा

आपल्या घराण्याचा शोध घ्यायला बसलेला माणूस बहुधा आडनावापासून सुरुवात करतो, आणि नेमके तिथेच त्याचे पाऊल चुकते. १८१८ साली पेशवाई बुडाली तेव्हापासून १९४७ पर्यंतच्या काळातील कागद चाळताना पहिली गोष्ट ध्यानात येते ती अशी की, त्या काळच्या गावकागदांत सामान्य शेतकऱ्याचे, कारागिराचे किंवा बलुतेदाराचे आडनाव अनेकदा लिहिलेलेच नसते. तिथे माणसाची ओळख बापाच्या नावाने होते. ‘रामा बिन गोविंदा’ किंवा ‘रामा वलद गोविंदा’ म्हणजे गोविंदाचा मुलगा रामा. ‘सखू कोम रामा’, ‘सखू मर्द रामा’ किंवा ‘सखू भ्रतार रामा’ म्हणजे रामाची बायको सखू. ज्याच्याकडे पाटीलकी असे त्याच्या नावापुढे पाटील लागे, आणि त्याच्या सख्ख्या भावाच्या नावापुढे कदाचित काहीच लागत नसे. गाव सोडून दुसरीकडे गेलेल्याला नव्या ठिकाणचे लोक जुन्या गावाच्या नावाला ‘कर’ लावून ओळखू लागत आणि दोन पिढ्यांत तेच आडनाव होऊन बसे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, जोशी, चौगुले ही तर हुद्द्यांची नावे आहेत. ती धारण करणाऱ्या घराण्यांचा एकमेकांशी रक्ताचा संबंध असलाच पाहिजे असे मुळीच नाही.

म्हणून या सगळ्या शोधाचे सूत्र एकच आहे : आडनाव धरून मागे जाऊ नये, गाव आणि जमीन धरून मागे जावे, आणि वाटेत भेटणारी बाप-लेकाची जोडी साखळीच्या कडीसारखी जपावी. आडनाव हे कडी जुळल्याची खूण म्हणून उपयोगी पडते, कडी म्हणून नव्हे. पुढील पद्धत मुख्यतः जुन्या मुंबई इलाख्यातील मराठी जिल्ह्यांसाठी आहे. विदर्भ, मराठवाडा आणि संस्थानी मुलूख येथे कागदांची नावे व भाषा बदलतात, ते त्या त्या जागी सांगितले आहे.

पहिले काम घरातच

कचेरीची पायरी चढण्याआधी घरातील ट्रंका, फडताळे आणि देवघर पाहावे. जुनी खरेदीखते, गहाणखते, सावकाराच्या पावत्या, शेतसाऱ्याच्या पावत्या, पोस्टाची बचत पुस्तके, लग्नपत्रिका, शाळेचे दाखले, रेल्वे वा गिरणीतील नोकरीचे कागद आणि जन्मपत्रिका यांतील प्रत्येक कागदावर एखादे नाव, गाव किंवा सर्वे नंबर असतो. जन्मपत्रिकेत तर शके, मास, तिथी आणि बहुधा वडिलांचे व आजोबांचे नावही मिळते.

त्यानंतर घरातील आणि भावकीतील सर्वांत वृद्ध माणसांना भेटावे. ‘आपले पूर्वज कोण’ असे विचारले की ऐकीव पराक्रमकथा ऐकायला मिळतात. त्यापेक्षा ठोस प्रश्न विचारावेत : कुलदैवत कोणते, देवक कोणते, सुतक कोणाकोणाचे धरतात, पितृपक्षात कोणाकोणाच्या नावाने पान वाढतात, मूळ वाडा किंवा घर गावात कुठे होते, कोणत्या शेताला घरात काय नाव आहे, सामाईक विहिरीत कोणाकोणाचा वाटा आहे. सुतक धरणारी घरे म्हणजेच जिवंत भावकी. ते सुतक कोणत्या पुरुषापासून सुरू होते हे म्हाताऱ्या बायकांना पुरुषांपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते, असा माझा अनुभव आहे. शेतांची नावेही फार मोलाची आहेत, कारण ‘वडाचे शेत’ किंवा ‘पांढरीची पट्टी’ ही नावे सर्वे नंबर बदलले तरी टिकून राहतात.

मिळालेली माहिती लिहिताना ती कोणी सांगितली, कधी सांगितली आणि सांगणाऱ्याने ती स्वतः पाहिली होती की ऐकली होती, हे शेजारी नोंदवून ठेवावे.

गाव कोणाच्या अमलाखाली होते

आजचा जिल्हा आणि त्या काळचा जिल्हा एक असतोच असे नाही, आणि हे न पाहिल्याने लोक महिनोन्महिने चुकीच्या कचेरीत खेपा घालतात. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. रायगडाचे नाव तोवर कुलाबा होते. खानदेशाचे १९०६ साली पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले, त्यांपैकी पूर्व खानदेश म्हणजे पुढचा जळगाव आणि पश्चिम खानदेश म्हणजे धुळे. सांगली जिल्हा आधी दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. सातारचे छत्रपतींचे राज्य १८४८ साली खालसा झाले, तर कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, भोर, फलटण, जत, अक्कलकोट, सावंतवाडी, जंजिरा ही संस्थाने स्वातंत्र्यानंतरच विलीन झाली. तुमचे गाव भोर संस्थानात असेल तर त्याचे जुने कागद संस्थानच्या दफ्तरात शोधावे लागतील, आणि दोन मैलांवरच्या शेजारच्या गावाचे मात्र पुणे जिल्ह्याच्या दफ्तरात.

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५० च्या दशकात इंग्रजांकडे गेले आणि तिथे मालगुजारीची, म्हणजे गावचा सारा मालगुजारामार्फत वसूल करण्याची, पद्धत आली. वऱ्हाड १८५३ पासून निजामाच्या नावावर पण इंग्रजांच्या कारभारात राहिले. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे तिथले जुने कागद पुष्कळदा उर्दूत आणि त्याहून जुने फारसीत असतात. काही मूळ दफ्तर आजही हैदराबादेत आहे. म्हणून गावाचे पूर्ण नाव लिहिताना मौजे, तर्फ, तालुका, प्रांत आणि राजवट अशी पूर्ण ओळ तयार करावी. गावाविषयीची जुनी माहिती, तिथल्या जाती-जमाती आणि तालुक्याच्या सीमा यांसाठी १८७०-८० च्या दशकांत जेम्स कॅम्बेल यांनी संपादित केलेले मुंबई इलाख्याचे गॅझेटियर चाळावे. त्यात तुमच्या पणजोबांचे नाव मिळणार नाही, पण कोणत्या कचेरीत जायचे ते कळेल.

इंग्रजी कागदांत गावांची व माणसांची नावे कशी लिहिली जात याचाही अंदाज असावा. ठाण्याला ‘टाना’, रत्नागिरीला ‘रत्नाघेरी’, खानदेशाला ‘कँडेश’ अशा वळणाने लिहिण्याची रीत होती. एकाच जाधवांचे इंग्रजीत चार प्रकारे लेखन झालेले आढळते. सूची शोधताना ही सर्व रूपे घालून पाहावीत.

जमिनीचे कागद : शोधाचा कणा

आपल्याकडे इंग्लंड-अमेरिकेसारखी घरोघरच्या खानेसुमारीची नावनिशीवार पत्रके उपलब्ध नाहीत. १८७२ पासून खानेसुमारी होत आली, पण जपले गेले ते तिचे आकडे. त्या घरोघरच्या पत्रकांची उणीव भरून काढतात ती जमिनीची पत्रके.

मुंबई इलाख्यात गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीला आरंभ केला. प्रत्येक शेताला नंबर दिला, जमिनीची प्रत ठरवली आणि आकार, म्हणजे शेतसारा, बहुधा ३० वर्षांसाठी कायम केला. हीच पद्धत पुढे इलाखाभर आणि वऱ्हाडातही गेली. पुढे १९०३ च्या कायद्याने हक्कनोंदीची पद्धत आली आणि १९१३ मध्ये ती जमीन महसूल कायद्यात समाविष्ट झाली. या दोन टप्प्यांमुळे शोधाचेही दोन टप्पे पडतात.

पहिला टप्पा म्हणजे आजच्या सातबाऱ्यापासून हक्कनोंदीच्या आरंभापर्यंत मागे जाणे. आजच्या उताऱ्यावर खातेदाराच्या नावाजवळ वर्तुळात फेरफाराचे, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीचे, क्रमांक असतात. त्यांतील सर्वांत जुना क्रमांक घ्यावा आणि गाव नमुना ६, म्हणजे फेरफार नोंदवही, यातील त्या क्रमांकाची नक्कल मागावी. तिच्यात ‘अमुक मयत, वारस मुलगे अमुक अमुक’ अशी नोंद मिळते. त्या मयत माणसाच्या नावावर जमीन कशी आली हे पाहण्यासाठी त्याआधीचा फेरफार काढावा. असे करत गेले की चार-पाच फेरफारांत १९१० च्या आसपासची नावे हाती येतात. अनेक तालुक्यांचे जुने सातबारे व फेरफार स्कॅन होऊन महाभूमीच्या संकेतस्थळावर उपलब्ध झाले आहेत. जिथे झालेले नाहीत तिथे तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात कोर्ट फी तिकीट लावून नकलेचा अर्ज द्यावा लागतो. अर्जात ‘आमच्या पूर्वजांचे कागद द्यावेत’ असे मोघम लिहिल्यास तो परत येतो. गाव, तालुका, सर्वे नंबर, नमुन्याचे नाव आणि अंदाजे वर्षे असे स्पष्ट लिहिले तर काम होते.

इथे एक अडथळा हमखास येतो. १९४७ च्या तुकडेबंदी व एकत्रीकरण कायद्यानंतर अनेक गावांत सर्वे नंबर जाऊन गट नंबर आले. आजच्या गटावरून जुना सर्वे नंबर कळल्याशिवाय मागची वाट बंद होते. त्यासाठी भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा जबाब, म्हणजे लोक ज्याला ९(३), ९(४) चा उतारा म्हणतात तो, मागावा. ज्या गावांत एकत्रीकरण झालेच नाही तिथे सर्वे नंबर आणि हिस्सा नंबर मिळतात, तेव्हा हिस्सा फोड झाल्याचे कागद पाहावेत.

जुन्या उताऱ्यांतील संक्षेप ओळखता आले पाहिजेत. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. हे दिसले की समजावे, नाव एकाचे असले तरी मागे न लिहिलेले भाऊ उभे आहेत. ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता. पालनकर्ता म्हणून बहुधा आईचे नाव येते, आणि बाप लहानपणीच वारला हेही त्यावरून कळते.

सर्वांत बोलका असतो तो आणेवारीचा आकडा. पूर्ण जमीन म्हणजे १६ आणे, एक आणा म्हणजे १२ पै. भावकीतील एखाद्याचा हिस्सा ८ आणे लिहिला असेल तर मूळ वाटणी दोघांत झाली. ५ आणे ४ पै असेल तर तिघांत. समजा, एका सर्वे नंबरात एकाचे ८ आणे आणि तिघांचे प्रत्येकी २ आणे ८ पै आहेत. २ आणे ८ पै म्हणजे सहावा हिस्सा. तिघांचे मिळून ८ आणे होतात. अर्थ असा की मूळ पुरुषाला दोन मुलगे होते, एकाचा वाटा अजून अविभक्त आहे आणि दुसऱ्याचा त्याच्या तीन मुलांत वाटला गेला आहे. कोणीही वंशावळ लिहून ठेवलेली नसताना केवळ या आकड्यांवरून तिचा सांगाडा उभा राहतो. मग मृत्यूच्या व वारसाच्या नोंदींनी त्याची खात्री करता येते. खरेदी-विक्रीमुळे हिस्से बदललेले असू शकतात, म्हणून मधले फेरफार पाहिल्याशिवाय या गणितावर विसंबू नये.

दुसरा टप्पा हक्कनोंदीच्या मागचा, म्हणजे १९ व्या शतकाचा. हे कागद तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात असतात : शेतवार पत्रक, पक्का बुक, प्रतिबुक, क्लासर रजिस्टर आणि आकारबंद. यांतील काहींत खातेदाराचे नाव ‘बिन’ लावून, बापाच्या नावासह मिळते, आणि ते बहुधा मोडीत असते. मूळ मोजणीचे आणि फेरमोजणीचे अशी दोन्ही पत्रके मिळाली तर मधल्या सुमारे ३० वर्षांत त्याच शेतावरचे नाव बापाकडून मुलाकडे गेलेले डोळ्यांना दिसते. ‘गोविंदा बिन रामा’ आणि पुढच्या पत्रकात ‘रामा बिन गोविंदा’.

या जोडीतच मोठा धोका आहे. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची आपली रीत असल्याने त्याच दोन नावांची आलटून-पालटून आवृत्ती होते, आणि १८४० चा गोविंदा व १९०० चा गोविंदा एकच समजून दोन पिढ्या गिळल्या जातात. म्हणून प्रत्येक नावासोबत वर्ष आणि सर्वे नंबर लिहिलाच पाहिजे. एका माणसाची नोंदींतली हयात ७०-८० वर्षांपलीकडे जाऊ लागली की तिथे दोन माणसे आहेत असे धरून पुन्हा तपासावे.

विदर्भात हेच काम बंदोबस्त मिसल, हक्कनोंदणी पत्रके, निस्तार पत्रक आणि १९५४-५५ चे अधिकार अभिलेख करतात. मराठवाड्यात खासरा पाहणी आणि त्यामागचे हैदराबादी कागद.

जन्म-मृत्यू आणि शाळा

गावात जन्मलेल्या-मेलेल्यांची नोंद पोलीस पाटील आणि कोतवाल यांच्यामार्फत होत असे. हे रजिस्टर म्हणजे गाव नमुना १४. विदर्भात आणि इतरत्र त्याला कोतवाल बुक म्हणतात. त्यात बाळाचे नाव बहुधा नसते, कारण बारसे व्हायच्या आत नोंद होई. ‘रामा बिन गोविंदा यास मुलगा’ एवढेच लिहिलेले असते, जोडीला तारीख आणि जात. त्यामुळे अमुक नावाची व्यक्ती शोधण्याऐवजी अमुक बापाच्या सर्व अपत्यांच्या नोंदी क्रमाने काढाव्यात. १८९६ नंतरच्या प्लेगच्या वर्षांत आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझात एकाच घरातील दोन-तीन मृत्यू एका पानावर भेटतात. ती पाने वाचताना हात थांबतो, पण पुढे एखादे कुटुंब गावाच्या कागदांतून एकाएकी नाहीसे का झाले त्याचे उत्तर बहुतेक वेळा तिथेच असते. १८७६-७८ च्या दुष्काळाबाबतही हेच म्हणता येईल.

जिल्हा प्रशासनांनी २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधाच्या निमित्ताने मोठ्या प्रमाणावर जुने अभिलेख स्कॅन करून जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर ठेवले आहेत. कोणत्याही जातीच्या शोधकर्त्याला त्यांतील पानांचा उपयोग होतो, कारण एका पानावर सगळ्या गावाची नावे असतात.

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेश-निर्गम नोंदवही, आडनावाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे. ज्या घराण्याचे आडनाव महसुली कागदांत दिसत नाही ते पुष्कळदा प्रथम इथे अवतरते, कारण मास्तरांना रकाना भरायचा असे. जन्मतारखेवर मात्र विश्वास ठेवू नये. १ जून ही तारीख किती मुलांच्या वाट्याला आली आहे हे कोणतेही पान उघडले की कळते. मुलींची नावे आणि त्यांचे माहेर नोंदवणारा हा जवळजवळ एकमेव सरकारी कागद असल्याने आजी-पणजीच्या माहेरच्या गावची शाळाही वगळू नये.

मराठी ख्रिस्ती कुटुंबांची स्थिती या बाबतीत वेगळी व सुदैवी आहे. अहमदनगर परिसरातील मिशनच्या चर्चांनी आणि वसई-साष्टीच्या जुन्या चर्चांनी बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची रजिस्टरे ठेवली, त्यांत आईचेही नाव मिळते.

दस्त, दावे आणि वतने

१८६० च्या दशकापासून दस्तनोंदणीचा कायदा आला आणि खरेदीखत, गहाणखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र व दत्तकपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवले जाऊ लागले. सूची १ माणसांच्या नावांवर आणि सूची २ मालमत्तेवर लावलेली असते. आडनाव संशयास्पद असेल तेव्हा सूची २ मधून, सर्वे नंबरवरून जावे. दत्तकपत्र मिळाले तर रक्ताची साखळी आणि कागदाची साखळी इथे वेगळी होते हे लक्षात ठेवून दोन्ही घराण्यांचा माग काढावा.

वाटपाच्या दाव्यांची किंमत नवख्या शोधकर्त्याला कळत नाही. भाऊबंदकीच्या दाव्यात वादीला वंशावळ जोडावीच लागे, आणि प्रतिवादी तिच्यातील प्रत्येक नावावर हरकत घेई. म्हणजे शपथेवर तपासलेली वंशावळ आयती मिळते. दावा अपिलात मुंबई हायकोर्टापर्यंत गेला असेल तर १८७६ पासून निघणाऱ्या इंडियन लॉ रिपोर्ट्सच्या मुंबई मालिकेत त्याचा सारांश सापडण्याची शक्यता असते.

घराण्याकडे वतन असेल तर मार्ग अधिक सरळ आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली वतनदार, त्यांचे तक्षिमदार म्हणजे वाटेकरी आणि पाळीपाळीने काम करणारे प्रतिनिधी यांची रजिस्टरे तयार झाली. हे पाटील-कुलकर्ण्यांपुरते नाही. महार वतनाच्या नोंदींत शेकडो कुटुंबांची पिढीजात नावे आहेत, आणि ज्या समाजाला जमिनीच्या खातेदारांत फारशी जागा मिळाली नाही त्याच्यासाठी हाच मुख्य आधार. तिथे आडनाव शोधण्यात अर्थ नाही. नावाला जोडलेला ‘नाक’ हा प्रत्यय आणि बापाचे नाव पाहावे. कोरेगाव भीमा येथील जयस्तंभावर कोरलेल्या १८१८ च्या लढाईतील सैनिकांच्या नावांतही हा ‘नाक’ दिसतो. कनिष्ठ गावकामगारांची वतने १९५८ च्या कायद्याने आणि पाटीलकी १९६२ च्या कायद्याने संपली, त्या वेळच्या चौकशीचे कागदही मागावेत.

इनाम असेल तर १८५२ च्या इनाम कमिशनकडे वळावे. सनद खरी की खोटी हे ठरवताना कमिशनने मूळ इनामदारापासून वंशावळ घेतली. ते दफ्तर आणि खुद्द पेशव्यांचे दफ्तर पुण्याच्या पुरालेखागारात कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहे. रोजकीर्दी, घडण्या, प्रांत अजमास अशी त्याची विभागणी असून नेमके गाव व काळ माहीत नसताना तिथे जाणे व्यर्थ होय. मुंबई सरकारचे कागद मुंबईच्या पुरालेखागारात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहेत, आणि करवीर संस्थानचे कोल्हापुरात. पुण्याचे भारत इतिहास संशोधक मंडळ व धुळ्याचे राजवाडे संशोधन मंडळ येथे खाजगी घराण्यांची दफ्तरे जमा आहेत.

मोडी आणि जुनी वर्षे

१९ व्या शतकातील मराठी कागद म्हणजे मोडी. आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली सलग लिहिलेली, शब्दांत अंतर न सोडणारी आणि ह्रस्व-दीर्घाचा भेद न पाळणारी ही लिपी तीन-चार महिन्यांच्या सरावाने वाचता येऊ लागते. पुराभिलेख संचालनालयाचे प्रशिक्षण वर्ग असतात. स्वतः शिकावे असा माझा आग्रह आहे, कारण लिप्यंतर करून देणारा तुमचे नाव शोधतो, पण शेजारच्या ओळीतील चुलत्याचे नाव त्याला ओळखीचे नसते. वेळ नसल्यास जाणकाराकडून ओळीला ओळ जोडून लिप्यंतर घ्यावे. केवळ सारांश घेऊ नये.

वर्षांचे रूपांतर करताना शकात ७८ किंवा ७९, फसली या महसुली सनात ५९० किंवा ५९१ आणि मराठेशाहीच्या कागदांतील शुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. शुहूर आकड्यांत न लिहिता अरबी शब्दांत लिहितात : ‘इसन्ने तिसैन मया व अलफ’ म्हणजे दोन, नव्वद, शंभर व हजार, मिळून ११९२, अर्थात इसवी सन १७९१-९२. हे वर्ष मृगाच्या सुमारास बदलते, म्हणून महिना पाहून दोहोंतील एक आकडा निवडावा. मूळ कागदावरील वर्ष खोडून त्याजागी इसवी सन लिहू नये. दोन्ही शेजारी ठेवावीत.

पलटणीत आणि समुद्रापार गेलेले

सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर भागातील क्वचितच एखादे घराणे असेल ज्यातून कोणी पलटणीत गेले नाही. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेल्या मराठा पलटणींतील मृतांची नावे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधता येतात, आणि अनेक नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका व जिल्हाही दिलेला असतो. आडनावाचे इंग्रजी लेखन विचित्र असते, म्हणून आडनावाऐवजी गावाच्या किंवा तालुक्याच्या नावाने शोधून पाहावे. गावच्या चावडीवर वा शाळेच्या भिंतीवर ‘या गावातून इतके लोक १९१४-१९ च्या महायुद्धात गेले’ असा संगमरवरी दगड असेल तर त्याचा फोटो घ्यावा. त्यावर नुसता आकडा असला तरी किती नावे शोधायची ते कळते.

कोणी ‘मिरचीच्या देशाला गेला’ अशी आठवण कोकणातील काही घरांत सांगितली जाते, तो देश म्हणजे मॉरिशस. १८३४ पासून पुढे तिथे गिरमिटिया, म्हणजे करारबद्ध, मजूर नेले गेले आणि मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, ठाणे भागातील मराठी माणसे होती. मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये त्यांची रजिस्टरे आहेत : प्रत्येकाला दिलेला क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव, जहाज, आणि १८६० च्या दशकानंतर पुष्कळांची छायाचित्रे. मॉरिशसमधील मराठी कुटुंबात अनेकदा त्या पहिल्या माणसाचे नावच पुढे आडनाव झालेले असते. त्यामुळे तिकडून शोध घेणाऱ्याने आडनाव बाजूला ठेवून क्रमांक, बापाचे नाव आणि गाव घेऊन यावे. इकडच्या भावकीला मात्र हे लक्षात ठेवावे लागते की गेलेल्या माणसाची जमीन बहुधा भावाच्या नावे चढली आणि त्याचे नाव फेरफारात आलेच नाही.

कडी जुळली हे कधी मानावे

दोन स्वतंत्र कागद एकच नाते सांगतील तेव्हाच ते नाते वंशावळीत पक्क्या शाईने लिहावे. फेरफार आणि त्यावरून निघालेला सातबारा हे दोन स्वतंत्र कागद नव्हेत. फेरफार आणि मृत्यूची नोंद, किंवा शाळेचे रजिस्टर आणि दस्त, हे आहेत. एकच कागद असेल तर पेन्सिलीने लिहावे, आणि केवळ ऐकीव असेल तर तसे शेजारी नमूद करावे. छापील कुलवृत्तांतही या कसोटीतून सुटत नाहीत. त्यांतील अलीकडच्या चार-पाच पिढ्या बहुधा बरोबर असतात, पण त्यामागे एखाद्या प्रसिद्ध सरदाराशी घातलेला सांधा पुराव्याशिवाय स्वीकारू नये. मागच्या पिढीतील माणूस साधा कुणबी, तेली किंवा शिपाई होता म्हणून त्याचा शोध कमी मोलाचा ठरत नाही.

शेवटी क्षेत्रोपाध्यायांच्या वह्या पाहाव्यात. त्र्यंबकेश्वर, नाशिक, काशी, प्रयाग, गया येथील उपाध्याय आपापल्या यजमानांची नामावळ पिढ्यान्‌पिढ्या ठेवत आले आहेत. त्यांना मूळ गाव, जात आणि आडनाव सांगितले की कोणत्या घराण्याकडे तुमची वही आहे ते कळते. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःचे, बापाचे, आजोबांचे, भावांचे व मुलांचे नाव सांगून खाली सही किंवा निशाणी केलेली असते. कचेरीच्या कागदांवरून साखळी तयार केल्यानंतर इथे यावे हे बरे, कारण मग नामावळ वाचताना कोणता गोविंदा कोणाचा हे तुम्हाला ताडता येते आणि ती खरोखर स्वतंत्र साक्ष ठरते. वही पाहून झाली की उपाध्याय तुमची नोंद लिहायला घेतील. त्या वेळी आजवर ज्यांची नावे गाळली जात होती त्या आई, पत्नी, बहिणी आणि मुली यांची पूर्ण नावे, त्यांच्या माहेरच्या गावांसह आणि आजच्या तारखेसह, स्पष्ट अक्षरांत लिहवून घ्यावीत.